हक्क त्यांचा आहे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मी तीन वेळा वाचले. त्यात सवलतीचा आकडा आहे, बँकेचा व्याजदर आहे, शेजारच्या इमारतीतला तसाच फ्लॅट केवढ्याला गेला हेही आहे. पण आईला काय वाटते आणि बाबांना काय हवे आहे, याबद्दल एक ओळही नाही. आईबाबा लंडनमध्ये भाड्याने राहतात ते काउन्सिलचे, म्हणजे तिथल्या स्थानिक नगर प्रशासनाचे घर ‘मी विकत घ्यावे का’, असे तू विचारतेस. त्यातला ‘मी’ मला खटकला. राइट टू बाय, म्हणजे राहते भाड्याचे घर सवलतीत विकत घेण्याची मुभा, हा १९८०च्या कायद्याने भाडेकरूला दिलेला हक्क आहे, भाडेकरूच्या मुलांना नव्हे. तू वर्षाहून अधिक काळ त्यांच्याजवळ राहत असल्यामुळे ते तुला खरेदीत सामील करून घेऊ शकतात, पण तेही त्यांनी अर्जात तुझे नाव लिहिले तर. हक्क त्यांचा आहे, हे आधी मनाशी पक्के कर.

सवलतीसाठी घाई करावी, असे दिवस आता राहिलेले नाहीत. २०१३मध्ये लंडनमध्ये ती एक लाख पौंडांपर्यंत मिळत होती. २१ नोव्हेंबर २०२४पासून लंडनच्या बहुतेक भागांत ती फार तर १६,००० पौंड आहे. पाच वर्षांच्या आत घर विकले तर तीही कमीअधिक प्रमाणात परत करावी लागते, आणि दहा वर्षांच्या आत विकायचे झाल्यास आधी काउन्सिललाच विचारावे लागते. शिवाय तुमचा फ्लॅट आहे, म्हणजे तुमच्या हाती येईल तो साधारण १२५ वर्षांचा लीज, म्हणजे दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. छत, लिफ्ट आणि बाहेरच्या भिंती काउन्सिलच्याच राहतील, मात्र त्यांच्या दुरुस्तीतला वाटा तुमच्या नावावर लागेल. काउन्सिल किंमत कळवताना जी नोटीस पाठवते, तिच्यात पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाचा अंदाज असतो आणि तेवढ्या काळात, महागाईची वाढ सोडली, तर त्याहून जास्त मागता येत नाही. सहाव्या वर्षापासून हे संरक्षण संपते. तुमची इमारत उंच आणि काँक्रीटची आहे, आणि लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीला २०१७मध्ये लागलेल्या आगीनंतर अशा इमारतींवर कर्ज देताना बँका बारकाईने चौकशी करतात. हे सारे तू नीट तपासशील, याची मला खात्री आहे, कारण हिशेबात तू पक्की आहेस. हिशेबात मीही पक्का होतो.

माझे आईवडील लंडनच्या पूर्व भागात सातव्या मजल्यावरच्या काउन्सिलच्या फ्लॅटमध्ये जवळजवळ चाळीस वर्षे राहिले. २०१३च्या हिवाळ्यात एका रविवारी जेवताना वडिलांनी घर विकत घेण्याचा विषय काढला. पुढच्या रविवारी मी आखलेला कागद घेऊन गेलो आणि सर्व्हिस चार्ज, म्हणजे इमारतीच्या देखभालीचा आकार, लिफ्टचे वय, खिडक्यांची अवस्था असे एकेक कलम त्यांना समजावून सांगितले. मी तासभर बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि ‘तू म्हणतोस तर राहू दे’ एवढेच म्हणाले. दोन वर्षांनी त्याच मजल्यावरच्या एका शेजाऱ्याला, ज्याने घर पूर्वीच विकत घेतले होते, छत आणि खिडक्यांसाठी एकोणीस हजार पौंडांचे बिल आले, तेव्हा मी मुद्दाम फोन करून ते वडिलांना सांगितले. माझे गणित चुकले नव्हते, हे मी आजही म्हणेन. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला ते बिल झेपले नसते.

वडील गेले आणि काही वर्षांनी आईही गेली. घर रिकामे करताना स्वयंपाकघरातल्या खणात, भाड्याच्या पावत्यांच्या फायलीखाली मला खरेदीचा तो अर्ज सापडला. तो वडिलांनी त्यांच्या तिरक्या अक्षरात पेन्सिलीने भरला होता, सही तेवढी राहिली होती. खरेदीत सामील होणाऱ्या कुटुंबीयांच्या रकान्यात माझ्या धाकट्या बहिणीचे नाव होते. ती अविवाहित, जन्मभर त्यांच्याजवळ राहिलेली. भाडेकरार आईवडील दोघांच्या नावे होता; वडिलांच्या मागे तो एकट्या आईकडे आला, आणि तोच कायद्याच्या दृष्टीने वारसा ठरला. असा वारसा एकदाच मिळतो. आईच्या मागे बहिणीचा त्या घरावर कसलाच हक्क उरला नाही आणि चौथ्या महिन्यात तिने घर सोडले. सवलत वजा जाता तेव्हा ऐंशी हजारांच्या आसपास रक्कम उरत होती, आणि तिच्या पगारावर तेवढे कर्ज मिळाले असते. माझ्या आखलेल्या कागदावर तिच्यासाठी रकानाच नव्हता.

वडिलांनी उघड बोलायला हवे होते, असे मी कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. आमच्या घरात वडील मनातले बोलत नसत, मग मी ते ओळखायचे तरी कसे? पण मी विचारले नव्हते, आणि ती गोष्ट काही केल्या बदलत नाही. म्हणून तुझ्या पत्रातले आकडे पाहून मी अस्वस्थ झालो, आणि थोडा चिडलोही. हक्क त्यांचा आहे, मुली. बाबांना निवृत्तीनंतर सहा-सहा महिने सांगलीला जाऊन राहायचे असेल, तर ते त्यांच्याकडून ऐक, कारण काउन्सिलचा भाडेकरार टिकवायचा तर तेच त्यांचे मुख्य राहते घर असावे लागते. आईला जिने चढवत नसल्याने दुसरीकडे खालच्या मजल्यावरचे घर बदलून मागायचे असेल, तर ते भाडेकरू असतानाच मागता येते. त्यांना मिळणारी भाड्याची मदत खरेदीनंतर बंद होईल, हे त्यांना ठाऊक आहे का, तेही विचार. आणि विचारून झाल्यावर गप्प बस. आपण मुले लगेच उत्तर सुचवायला लागतो, आणि मग ते आपलेच उत्तर आपल्याला परत देतात.

येत्या रविवारी वही-पेन्सिल न घेता त्यांच्याजवळ बस. अर्ज करायचा असे त्यांनी ठरवले, तर पुढे येणारी नोटीस घेऊन माझ्याकडे ये, आपण ती मिळून ओळ न् ओळ वाचू. नको असे ठरवले, तर मला एवढेच कळव की ते कोण म्हणाले, बाबा की तू.

तुझा,
काका