शाळेची खोली गळते: विषय ग्रामसभेत काढू की शाळा समितीत?

दोन्हीकडे काढा, पण आधी शाळा व्यवस्थापन समितीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिथे किमान ७५ टक्के सदस्य पालकच असतात, आणि शाळा विकास आराखडा तीच करते. तिचा ठराव हातात घेऊन ग्रामसभेत जा.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १००, जी संख्या कमी ती. आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत तेवढेही जमत नाहीत, अन् आले तरी अर्धा वेळ घरकुलाच्या यादीवरच भांडण! म्हणून विषय आधीच लेखी द्या, पोच घ्या. बोलून झालं की इतिवृत्तात तुमचं वाक्य उतरलं का, ते सही करण्याआधी वाचा. माझं एकदा ‘चर्चा झाली’ एवढंच उतरलं होतं.