कॅश काउंटरवर पहिल्यांदा उभी राहतेयस म्हणून

अगं, तुझा मेसेज वाचला. सोमवारपासून काउंटरवर एकटी उभी राहणार, ट्रेनिंगमध्ये मशीन सगळं शिकवलं पण शिफ्ट संपताना ड्रॉवरमधली कॅश मशीनच्या हिशोबाशी टॅली नाही झाली तर काय या विचाराने झोप उडालीय म्हणतेस. फोनवर बोलताना निम्मं राहून जातं म्हणून लिहूनच पाठवतेय, सवडीने वाच.

आधी तो मनातला सल काढून टाक, की एवढे नियम, एवढ्या सह्या, डोक्यावर कॅमेरा म्हणजे आपल्यावर कोणाचा विश्वासच नाही. सुरुवात अविश्वासातूनच झाली हे खरंय. १८७९ साली अमेरिकेत डेटन शहरात जेम्स रिट्टी नावाच्या बारमालकाने कॅश रजिस्टरचं पेटंट घेतलं, कारण त्याचेच नोकर गल्ल्यातले पैसे खिशात घालायचे. बोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र बघून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. पुढे त्या मशीनला घंटा लागली, ड्रॉवर उघडला की वाजायची. पण मी इतकी वर्षं मुलांना काउंटरवर उभं करत आलेय आणि मला पक्कं ठाऊक आहे की मशीनमध्ये होणारी प्रत्येक व्यवहाराची नोंद मालकाइतकीच तुझ्याही कामाची आहे. उद्या कोणी म्हणालं पैसे गेले, तर तू प्रामाणिक आहेस हे तुझ्या तोंडावरून नाही, त्या नोंदीवरूनच कळणार. म्हणून तुझा लॉगिन पासवर्ड कोणाला देऊ नको, अगदी दोन मिनिटांसाठी सुद्धा नाही, मैत्रिणीला पण नाही. पाणी प्यायला गेलीस तरी स्क्रीन लॉक, ड्रॉवरला चावी. आणि सकाळी ओपनिंग कॅश, म्हणजे दिवस सुरू करायला ड्रॉवरमध्ये ठेवायची रक्कम, हातात देतील ती देणाऱ्याच्या समोरच मोजायची, "बरोबर आहे गं, रोजच असते" म्हणाले तरी मोजायची, कारण सही केलीस की ती रक्कम तुझी झाली.

आता खरी गोष्ट. तुला वाटतंय गणित चुकेल, पण बेरीज वजाबाकी तर मशीनच करतं. चूक होते ती लाइनीमुळे. समोर आठ माणसं उभी, मागचा एकजण घड्याळ बघतोय, मग हात पळायला लागतात आणि नोट बघायच्या आधीच ड्रॉवरमध्ये जाते. इथेच सवय लावून घे. नोट हातात आली की किती घेतले ते मोठ्याने बोल, "शंभर घेतले", आणि ती नोट ड्रॉवरच्या आत टाकू नको, वरच आडवी ठेव, गिऱ्हाइकाने सुट्टे मोजून घेतल्यावर मग कप्प्यात टाक. "मी तर पाचशे दिले होते" हे वाक्य कधी ना कधी ऐकशीलच, बऱ्याचदा समोरच्याला मनापासून तसंच वाटत असतं, आणि नोट तिथेच समोर पडलेली असली की वाद सुरूच होत नाही.

पैसे परत देताना वरच्या दिशेने मोजत दे. बिल ६३ चं, दिले १००, तर मनातल्या मनात ३७ काढून मूठभर हातात ठेवायचे नाहीत, एकेक ठेवत बोलायचं, त्रेसष्ट, दोनचं नाणं पासष्ट, पाचचं सत्तर, मग दहा दहाचे ऐंशी, नव्वद, शंभर. समोरचाही तुझ्याबरोबर मोजतो. सुरुवातीला हळू वाटेल, आठवड्याभरात हाताला बसतं.

याच्यावरूनच एक फसवणूक सांगते, नीट लक्षात ठेव. छोटीशी वस्तू, मोठी नोट, तू सुट्टे काढतेयस तेवढ्यात "थांबा थांबा, माझ्याकडे सुट्टे निघाले, ती नोट परत द्या", मग "असं करा, हे घ्या आणि त्याच्यात मिळवून मला पुन्हा मोठी नोट द्या", आणि तोंडाने अखंड गोड गप्पा. दोन व्यवहार एकमेकांत मिसळले की हिशोब हातातून सुटतो, त्यांना तेच हवं असतं. उपाय सोपा आहे, एक व्यवहार पूर्ण कर, ड्रॉवर बंद कर, मग दुसऱ्याला हात लाव. गोंधळ झालाच तर ड्रॉवर लावून सुपरवायझरला हाक मार, कितीही घाई करू देत. तसंच फोनवर कोणी "हेड ऑफिसमधून बोलतोय, अमुक गिफ्ट कार्डांचे नंबर वाचून दाखव" म्हणालं तर फोन ठेवायचा, नंतर मॅनेजरला सांगायचं.

ओळखीच्या माणसांचं बिल स्वतः करू नको. भाऊ आला, शेजारची काकू आली, सरळ बाजूच्या काउंटरला पाठव. राग येईल त्यांना, येऊ दे. मला हा नियम सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण एक वस्तू स्कॅन न करता पुढे सरकवायला सांगणारा बहुतेक वेळा आपलाच कोणीतरी असतो आणि अशाने नोकरी गेलेली चांगली चांगली मुलं मी बघितलीयत.

स्कॅनिंगचं फार टेन्शन घेऊ नको. बारकोडची पहिली बीप वाजली २६ जून १९७४ ला, ट्रॉय नावाच्या गावात, ते पण डेटनच्या जवळच, आणि वस्तू होती च्युइंग गमचं पाकीट. कोड चुरगळला असेल तर खालचे १३ आकडे हाताने टाकायचे. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या १२ वरून काढलेला असतो, एक सोडून एक आकड्याला ३ ने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि पुढच्या पूर्ण दहापर्यंत जायला जेवढे कमी पडतात तो हा आकडा, त्यामुळे तू एखादा आकडा चुकवलास तर मशीन घेतच नाही. जे मशीनला कळत नाही ते तू बघायचं, सहा डबे सारखे दिसतायत म्हणून एकच स्कॅन करून गुणिले सहा मारू नको, त्यात दोन वेगळ्या प्रकारचे असतील तर स्टॉक बिघडतो. शेल्फवर एक किंमत आणि बिलात दुसरी आली तर गिऱ्हाइकाशी वाद नको आणि स्वतः रेट पण बदलू नको, फ्लोअरवरच्या माणसाला बोलाव.

बूट चांगले घे, जडशी गोणी उचलण्यापेक्षा हातातला स्कॅनर तिच्यापाशी ने, पायावरचं वजन अधूनमधून बदलत राहा. आणि हो, एखादे आजोबा थरथरत्या हाताने चिल्लर मोजत असतील तर मोजू दे त्यांना, लाइन थांबते थोडी, थांबू दे.

आता तुझ्या झोपेचं. टॅली नाही झाली तर घाबरून पाच वेळा नोटा मोजत बसू नको, दोनदा मोज आणि मग फरकाच्या आकड्याकडे बघ. फरकाला ९ ने भाग जातोय, म्हणजे १८, २७, ९० असं काही, तर आकडे उलटे पडलेत का बघ, ६४ च्या जागी ४६ लिहिलं की फरक १८ येतो. फरकाइतक्याच रकमेचं बिल सापडलं तर बहुतेक कार्डवालं बिल कॅशमध्ये मारलं गेलंय. ड्रॉवरच्या ट्रेखाली बघ, मोठ्या नोटा तिथे सरकून बसतात. एवढं करूनही शॉर्ट असेल तर जेवढी आहे तेवढीच लिही. खिशातले घालून जुळवू नको आणि जास्त आली तर उद्याच्या शॉर्टसाठी बाजूला काढून ठेवू नको, दोन्हीने नोंद खोटी होते आणि मग खरी चूक कुठे होतेय ते कोणालाच सापडत नाही. सुपरवायझरला सरळ सांग, इतकी कमी आहे, हे हे बघून झालंय. पहिल्या आठवड्यात थोडी कमीजास्त होतेच, त्यांनाही ते माहीत असतं.

सोमवारी रात्री मेसेज कर, किती आली ते कळव.