हार्वेस्टरवरचा कॅमेरा आणि धरमकाटा

सोयाबीन आणि धानाच्या हार्वेस्टरवर कॅमेरा बसवून उत्पादन मोजण्याबद्दल या हंगामात बरेच प्रश्न आले. बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत दिसते, की कॅमेरा लावला म्हणजे वजन आपोआप कळते. निवडक प्रश्न घेतो. प्रत्येकाचे यंत्र वेगळे, पीक वेगळे, वावर वेगळे. तेव्हा इथले वाचून लगेच ड्रिल हातात घेऊ नका; तुमचे हार्वेस्टर प्रत्यक्ष पाहणाऱ्या कृषी अभियंत्याला आधी दाखवा.

विक्रेता म्हणतो की एकच कॅमेरा पिकाची उंची, एकरी उत्पादन आणि दाण्याची प्रत, तिन्ही सांगतो. खरे आहे का? (उमरेड)

नाही. ही तीन कामे आहेत आणि त्यांच्या जागाही तीन आहेत. केबिनच्या वर, समोर तोंड करून बसवलेले जोडकॅमेरे उभ्या पिकाची उंची आणि दाटी पाहतात. त्यावरून यंत्राचा वेग कमीजास्त करता येतो. स्वच्छ दाणे टाकीत चढवणाऱ्या एलिव्हेटरवरचा कॅमेरा पट्ट्यांवर दाण्यांचा थर किती जाड आहे ते बघतो. तिसरा अगदी जवळून दाण्यांचे फोटो काढतो आणि त्यात फुटके दाणे किती, कुटार किती याचा अंदाज देतो. एकाच कॅमेऱ्यात तिन्ही देणाऱ्याला तो यंत्रावर नेमका कुठे बसणार, ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

कॅमेरा कंपनीतूनच कॅलिब्रेट होऊन (म्हणजे आकडा खऱ्या वजनाशी जुळवून) येतो, पुन्हा काही करावे लागत नाही, असे सांगितले. अचूकता ९८ टक्के आहे म्हणे. घ्यावा का? (मौदा)

या वाक्यावर माझा जरा जास्तच राग आहे, म्हणून उत्तर लांबणार.

एलिव्हेटरवरचा कॅमेरा दाणे तोलत नाही. त्याला थराचे आकारमान दिसते, आणि किलो काढायला त्या आकारमानाला घनतेने गुणावे लागते. १०० लिटर सोयाबीन साधारण ७५ किलो भरते, तेवढेच धान ५५ ते ६० किलो. म्हणजे सोयाबीनसाठी जुळवलेले यंत्र तसेच धानाच्या बांधीत नेले, तर आकडा पाचव्या हिश्शाहून अधिक फुगतो. कारखान्यात बसून तुमच्या मौद्याच्या धानाचा ओलावा आणि घनता कोणाला कळणार?

मग करायचे काय? टाकी रिकामी करून सुरुवात करा. एक ट्रॉली भरेपर्यंत कापा, स्क्रीनवरचा आकडा लिहून ठेवा आणि ट्रॉली धरमकाट्यावर न्या. रिकाम्या ट्रॉलीचे वजन त्याच काट्यावर, त्याच दिवशी घ्या. हे एकदाच करून भागत नाही. हळू चालवून, जोरात चालवून, दाट पिकात, विरळ पिकात अशा चार-पाच ट्रॉल्या तरी तोला, कारण पट्ट्यांवर थर पातळ असताना आणि जाड असताना चूक वेगवेगळी येते. पीक बदलले की पुन्हा तोला. एलिव्हेटरची साखळी आवळली किंवा पट्टे बदलले, तरी पुन्हा.

ओलावाही धरा. १६ टक्के ओलाव्याचे १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळले की साडेपंचाण्णव किलोच्या आसपास उरते. हमीभावाच्या खरेदीत साधारणतः १२ टक्क्यांचीच मर्यादा असते. हार्वेस्टरने दाखवलेला आणि बाजारात भरलेला आकडा जुळत नाही म्हणून काटेवाल्याशी भांडण्याआधी एवढा हिशेब करून बघा.

याहून मोठी चूक कॅमेऱ्याच्या बाहेर होते, ती रुंदीत. १४ फुटांचा कटरबार, म्हणजे समोरची कापणारी पट्टी, प्रत्येक फेरीत पूर्ण भरत नाही. धुऱ्याकडच्या आणि शेवटच्या फेऱ्यांत तर निम्माही भरत नाही. समजा सरासरी साडेबारा फूटच कापले गेले आणि यंत्र १४ धरून बसले, तर क्षेत्र जास्त मोजले जाईल आणि एकरी ८ क्विंटलचे पीक ७ क्विंटल १४ किलो दिसेल. कॅमेरा कितीही महाग घ्या, ही चूक तो सुधारत नाही. शिवाय कापलेले पीक मळून कॅमेऱ्यासमोर येईपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. ताशी ४ किलोमीटर वेगाने तेवढ्यात यंत्र ११ ते १७ मीटर पुढे गेलेले असते. हा फरक यंत्रात भरला नाही तर उत्पादनाच्या नकाशावर वावरातला चांगला पट्टा खराब जागी उमटतो, आणि पुढच्या वर्षी खत भलत्याच ठिकाणी पडते.

आता ते ९८ टक्के. एका ट्रॉलीत १० टक्के जास्त, दुसरीत १० टक्के कमी दाखवले, तरी दोन्हींची बेरीज बरोबर येते आणि विक्रेता ती बेरीज दाखवतो. तुम्ही प्रत्येक ट्रॉलीचा वेगळा फरक मागा, तोही तुमच्याच पिकात. प्रात्यक्षिक सोंगणीच्या आधी ठरवा. शेंगा तडकायला लागल्यावर कोणालाच थांबून तोलायला वेळ नसतो, आणि हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असते.

कपाशीसाठी चालेल का? (हिंगणा)

आपल्याकडे कापूस हातानेच वेचतात. कॅमेरा लावणार कुठे?

हार्वेस्टरवाला म्हणतो, आता एकरामागे नको, कॅमेऱ्यावर दिसेल त्या क्विंटलमागे भाडे द्या. मान्य करावे? (काटोल)

करू नका. ज्या मापावर पैशांची देवाणघेवाण होते ते साधन वैध मापन अधिनियम, २००९ प्रमाणे पडताळणी करून मुद्रांकित असावे लागते. काटा, धरमकाटा यांची अशी पडताळणी होते. हार्वेस्टरवरचा कॅमेरा हे अंदाजाचे साधन आहे. क्विंटलमागेच ठरवायचे असेल तर धरमकाट्याची पावती धरा, आणि ओलावा कोणत्या टक्क्याला धरायचा हे आधी लिहून घ्या. तरी वाद झालाच तर जिल्ह्याच्या वैध मापन कार्यालयात चौकशी करा, पारावरच्या सल्ल्याने निकाल लावू नका.

कॅमेऱ्याचा नकाशा दाखवून पीकविम्याची भरपाई मिळेल का? (भिवापूर)

नाही. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगांच्या, म्हणजे निवडक वावरांतल्या नमुना तुकड्यांतले पीक कापून तोललेल्या उत्पादनावर आधारलेली आहे. त्यात तुमच्या एकट्याच्या वावराचा हिशेब नसतो, विमा घटकाची, म्हणजे सहसा अख्ख्या महसूल मंडळाची, सरासरी बघतात. कोणी नकाशा काढून विमा मिळवून देतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. तालुका कृषी कार्यालयात विचारा.

गावातल्या वेल्डरकडून बसवून घेतला तर चालेल का? (कुही)

ब्रॅकेट त्याच्याकडून करून घ्या, पण यंत्रापासून दूर. यंत्रावरच वेल्डिंग करावे लागलेच तर आधी बॅटरी सोडा आणि कॅमेऱ्याचे व मॉनिटरचे सगळे कनेक्टर काढा. नाहीतर एका ठिणगीत इलेक्ट्रॉनिक्स जाते आणि वॉरंटीवाला हात वर करतो. एलिव्हेटरच्या पत्र्याला भोक पाडायचेच असेल तर उत्पादकाने दाखवलेल्या जागीच पाडा. चुकीच्या जागी पाडलेल्या भोकातून दिवसभर दाणे गळतात आणि संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

काचेची खिडकी रोज पुसा. सोयाबीनची बारीक लव आणि काळ्या मातीची धूळ मिळून त्यावर असा थर बसतो की कॅमेऱ्याला अंधारच दिसतो. वायर पाइपमधून न्या, गरम भागांपासून आणि फिरत्या पट्ट्यांपासून लांब. हंगाम संपला की कॅमेरा काढून घरात ठेवा. शेडमध्ये उभ्या यंत्राच्या वायरी उंदीर कुरतडतात.

घरचेच सोयाबीन बियाणे ठेवतो. दाण्याची प्रत पाहणारा कॅमेरा फुटके कमी दाखवत असेल तर बियाणे चांगले समजावे? (उमरेड)

समजू नका. सोयाबीनचे साल पातळ. मळणीच्या ड्रमच्या माराने आत पडलेली बारीक चीर या फोटोत दिसत नाही. बियाण्यासाठी मळताना ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या आसपास ठेवा. नंतर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. ७० पेक्षा कमी उगवले तर पेरण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

शिवारात नेटवर्क नाही. नोंदी हरवतील का? (रामटेक)

ज्यात नोंद मेमरी कार्डवर साठते तोच संच घ्या.

यावर अनुदान मिळते का? (सावनेर)

महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदान अर्जांच्या संकेतस्थळावर) सध्या कोणत्या बाबी चालू आहेत ते तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारा, आणि पूर्वसंमती हातात येण्याआधी बिल करू नका. दुकानदार "आधी घ्या, अनुदान नंतर येईल" म्हणत असेल तर त्याच्याकडून ते लेखी मागा. तो देणार नाही.