वाइल्ड स्टीलहेडचा फोटो आणि गाइड कंपनी: तुमच्या प्रश्नाला थोडे लांबलेले उत्तर

तुमची पोस्ट वाचताना मी दोनदा थांबलो, कारण नदीचे नाव वगळले तर ती माझीच हकिकत वाटावी. वॉशिंग्टन राज्यात नव्याने आलेला मराठी माणूस पैसे मोजून गाइड घेतो, गळाला वाइल्ड, म्हणजे नदीतच नैसर्गिकरीत्या जन्मलेला, स्टीलहेड (समुद्रात जाऊन अंडी घालायला नदीत परतणारा रेनबो ट्राउट) लागतो, गाइड तो होडीत घेऊन हातात देतो, मेहुणे फोटो काढतात, फोटो मंडळाच्या ग्रुपवर जातो आणि तिथे एक सदस्य लिहितो की हे बेकायदेशीर आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: त्या सदस्याचे म्हणणे खरे आहे का, फोटो काढायचाच असेल तर कसा काढावा, आणि एप्रिलमध्ये त्याच कंपनीबरोबर ठरलेली सहल करावी का. मी वकील नाही आणि मत्स्यशास्त्रज्ञही नाही. नियम दरवर्षी, कधी कधी हंगामाच्या मधोमधही बदलतात, म्हणून माझे लिहिणे अंतिम न मानता जाण्याच्या आदल्या रात्री राज्याच्या संकेतस्थळावरील तातडीचे नियम स्वतः वाचावेत. छापील पुस्तिकेपेक्षा तेच वरचढ ठरतात.

त्या सदस्याचे म्हणणे खरे आहे. वॉशिंग्टनच्या गोड्या पाण्यात जो सॅमन, स्टीलहेड किंवा बुल ट्राउट ठेवून घेण्याची परवानगी नाही, तो पूर्णपणे पाण्याबाहेर काढणे हाच नियमभंग आहे. नंतर तो सोडला की नाही, किती सेकंद धरला, फोटो काढला की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. परवाना, हंगाम, गळाचे प्रकार यांविषयी मी लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच. मासा वाइल्ड की हॅचरीचा, म्हणजे पैदास केंद्रात वाढवून सोडलेला, हे मात्र तो पाण्यात असतानाच ओळखता आले पाहिजे, आणि त्यासाठी पाठीवरच्या मोठ्या परामागे, शेपटीच्या अलीकडे असलेला छोटा मांसल ॲडिपोज फिन पाहावा. तो शाबूत असेल तर मासा वाइल्ड समजून सोडायचा. कापलेला असून त्या जागी भरलेला व्रण असेल तर मासा हॅचरीचा. पाणी गढूळ असल्यामुळे दिसत नसेल, तर वाइल्डच धरून चालावे.

आता माझ्या कडवट अनुभवाबद्दल. कंपनीचे नाव लिहिणार नाही, कृपया खासगी निरोपातही विचारू नये. त्यांच्या जाहिरातीत फोटोची हमी होती, आणि तेवढ्याचसाठी मी आरक्षणापूर्वी ईमेलने विचारले होते की वाइल्ड मासा लागला तर फोटो कसा काढता. उत्तर आले की आमच्या गाइडना सर्व नियम माहीत आहेत, निश्चिंत राहा. उत्तर सभ्य होते आणि त्यात माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. प्रत्यक्षात मासा होडीजवळ आला तेव्हा गाइडने हातजाळे सरळ कडेवरून आत घेतले. मी ‘पाण्यातच राहू द्या’ म्हणत होतो आणि तो ‘दोन सेकंदांचा प्रश्न आहे’ म्हणत होता. मासा होडीच्या तळावर टाकलेल्या कोरड्या राखाडी गालिच्यावर तडफडला, गाइडने भिजलेल्या बाहीने कॅमेऱ्याची काच पुसली, मग मासा उचलून माझ्या हातात कोंबला. तो पाण्यात परत गेला तेव्हा आधी कुशीवर कलंडला आणि प्रवाहाबरोबर खाली गेला; तो जगला की नाही हे मला कधीच कळणार नाही. गालिच्याच्या लोकरीत अडकलेले चंदेरी खवले मात्र मी दिवसभर पाहत बसलो, कारण होडीत पाहण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते.

पलीकडच्या काठावरील झाडीत एक अधिकारी दुर्बीण घेऊन बसला होता. त्याने आम्हाला होडी बाहेर काढण्याच्या रॅम्पवर गाठले, अत्यंत नम्रपणे परवाना मागितला आणि दंडाची पावती माझ्या नावावर फाडली, कारण गळाची काठी माझी, परवाना माझा आणि मासा माझ्या हातात. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही, त्याने आपले काम केले. माझी तक्रार कंपनीच्या कार्यालयाविषयी आहे. त्यांनी मला त्यांच्याच अटींच्या फाइलमधील एक ओळ चिकटवून पाठवली, की नियमांची माहिती ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाची असते. म्हणजे आरक्षणापूर्वी ‘आमच्या गाइडना सर्व माहीत आहे’ आणि दंड झाल्यावर ‘तुम्हाला माहीत असायला हवे होते’. बँकेकडे रक्कम परत मागितली, तर सेवा दिली गेली आहे असे सांगून बँकेने हात झटकले. सुनावणीसाठी रजा काढून काउंटीच्या न्यायालयात गेलो तेव्हा दंड थोडा कमी झाला, पण तेवढ्यात कंपनीने तोच फोटो माझ्या नावासह आपल्या पानावर झळकवला होता आणि तो काढून टाकण्यासाठी कित्येक ईमेल लिहावे लागले. शेवटी त्यांनी दिलगिरी म्हणून पुढच्या सहलीवर सवलतीचे कूपन पाठवले. यावर अधिक लिहिले तर भाषा घसरेल, म्हणून पुढे जातो.

तो दोन सेकंदांचा युक्तिवाद मात्र तसाच सोडता येत नाही, कारण तो तुम्हालाही ऐकवला जाईल. झुंज देऊन आलेला मासा म्हणजे दम पूर्ण संपलेला मासा. कल्ल्यांच्या पातळ पाकळ्या पाण्याच्या आधारावर एकमेकींपासून सुट्या राहतात; हवेत त्या मिटून एकमेकींना चिकटतात आणि ज्या क्षणी प्राणवायूची गरज सर्वांत जास्त, नेमक्या त्या क्षणी श्वास बंद पडतो. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांच्या प्रयोगात रेनबो ट्राउट, म्हणजे स्टीलहेडच्याच प्रजातीचे मासे, दमेपर्यंत पळवले गेले. ज्यांना नंतर हवेत धरले नाही त्यांपैकी 12 तासांनी 88 टक्के जिवंत होते, 30 सेकंद हवेत धरलेल्यांपैकी 62 टक्के आणि 60 सेकंद धरलेल्यांपैकी केवळ 28 टक्के. ते प्रयोगशाळेतले, रक्ताचे नमुने घेण्यासाठी नळ्या बसवलेले मासे होते, त्यामुळे नदीत हेच आकडे जसेच्या तसे येतील असे कोणी म्हणू नये. पण वेळ वाढली की मरण वाढते हे समजायला तेवढे पुरेसे आहे. शिवाय गाइडचे दोन सेकंद घड्याळाचे नसतात. मासा सुटतो, पुन्हा उचलला जातो, कोणाचे तरी डोळे मिटलेले येतात आणि पुन्हा एकदा ‘हसा’ होते.

यात आणखी एक व्यावहारिक बाजू आहे, जी हौशी लोक विसरतात. प्यूजेट साउंड या वॉशिंग्टनमधील समुद्राच्या खाडीचे स्टीलहेड 2007 पासून संघराज्याच्या कायद्याखाली धोक्यातील म्हणून नोंदलेले आहेत. तिथल्या स्कॅगिट आणि सॉक नद्यांवरचा वसंतातील हंगाम अनेक वर्षे बंद राहून 2018 मध्ये पुन्हा उघडला, तोही ठरवून दिलेल्या हानीच्या मर्यादेत. तिथल्या नियोजनात सोडलेल्या माशांपैकी 10 टक्के दगावतील असे आधीच धरलेले असते. म्हणून ‘आम्ही तर सोडतोच’ हे वाक्य हिशेबात शून्य होत नाही. त्यातच पॅसिफिक सॅमनप्रमाणे स्टीलहेड एकदा अंडी घालून मरतोच असे नाही, काही समुद्रात परततात आणि पुन्हा येतात. तुमच्या हातातली मादी पुढच्या वर्षीचीही असू शकते.

आता फोटो. माझे आग्रही मत असे की एकटे असाल तर काढूच नये. बरोबर कोणी असेल तर फोटोची तयारी मासा लागण्यापूर्वी झालेली असावी: फोन खिशात बंद पडलेला नको, काच पुसलेली हवी, आणि कोण कुठे उभे राहणार हे ठरलेले हवे. गळ एकेरी आणि उलट्या काट्याविना असावा, म्हणजे पक्कडीच्या एका वळणात तो सुटतो. खोल गिळला असेल तर ओढत न बसता दोरा जवळून कापावा. काठी आणि दोरा इतका नाजूक घेऊ नये की झुंज उगाच लांबेल. मासा होडीपेक्षा काठालगतच्या संथ, गुडघाभर पाण्यात आणणे बरे. वाळूवर किंवा गोट्यांवर ओढणे मुळीच नको, आणि जाळे वापरायचे तर गाठी नसलेले, रबरी, सतत पाण्यात बुडालेले. हात आधी भिजवावेत आणि हातमोजे काढावेत, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगांपासूनचे संरक्षण आहे.

मग तुम्ही गुडघ्यांवर बसा. एक हात शेपटीच्या निमुळत्या भागाभोवती, दुसरा छातीच्या परांखाली नुसता टेकवलेला, मुठीत आवळलेला नाही, आणि माशाचे तोंड प्रवाह जिकडून येतो त्या दिशेला. बोटे कल्ल्यात जाता कामा नयेत. फोटो काढणाऱ्याने वाकून कॅमेरा जवळजवळ पाण्याच्या पातळीवर आणावा, ऊन तुमच्या चेहऱ्यावर असावे, आणि बटण एकदा दाबण्याऐवजी सलग फोटोंची मालिका घ्यावी. मासा अर्धा बुडालेला, पाठीवरचे काळे ठिपके आणि बाजूचा गुलाबी पट्टा ओला असताना जो फोटो येतो, तो छातीशी धरलेल्या फोटोपेक्षा कितीतरी देखणा असतो. काही चतुर मंडळी नियमातील ‘पूर्णपणे’ या शब्दाचा फायदा घेऊन शेपटीचे टोक तेवढे पाण्यात ठेवतात आणि मासा उभा धरतात. अधिकारी त्याचा अर्थ काय लावील ते मी सांगू शकत नाही, परंतु माशाला श्वास कल्ल्यांतून घ्यायचा असतो, शेपटीतून नव्हे; डोळा आणि कल्ला पाण्याखाली राहिलाच पाहिजे. सोडताना त्याला मागेपुढे हलवू नये, संथ प्रवाहात तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला करून धरावे आणि शेपटीचा जोर जाणवला की हात सैल करावेत. उन्हाळ्यात पाणी 18 अंश सेल्सिअसच्या वर गेले असेल तर मी गळ टाकतच नाही. साधा तापमापक खिशात ठेवायला काहीच खर्च येत नाही.

थोडे विषयाला लागूनच: एप्रिल हा अंडी घालण्याचा काळ आहे. तळावर गोटे आजूबाजूपेक्षा स्वच्छ आणि उजळ दिसत असलेला, खोलगट, मागे उंचवटा असलेला पट्टा दिसला तर तो माशाने शेपटीने खणलेला अंड्यांचा खड्डा आहे, त्यावरून चालू नये. फोटो उत्तम काढून परतताना त्यातून फिरणारे लोक मी पाहिले आहेत.

तुमच्या वडिलांनी ग्रुपवर विचारले आहे की सोडायचाच तर धरायचा कशाला. प्रश्न रास्त आहे. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महाशीरांना कोणी हात लावत नाही, लोक त्यांना खाऊ घालतात आणि परततात. माशाच्या दृष्टीने तो मार्ग निर्विवाद चांगला आहे. मी गळ टाकतो कारण मला ते आवडते, आणि त्याला उगाच संवर्धनाचे नाव देत नाही.

ग्रुपवरचा फोटो काढून टाका, आणि कंपनीलाही तो तुमच्या नावासह वापरू नये असे आजच लेखी कळवा. नंतर ते जड जाते. एप्रिलच्या सहलीबाबत त्यांना थेट प्रश्न पाठवा: वाइल्ड मासा होडीच्या आत घेतला जाणार नाही, जाळे पाण्यातच राहील आणि गाइडच्या कृतीमुळे दंड झाला तर तो कंपनी भरेल, हे मान्य आहे का? ‘निश्चिंत राहा’ हे उत्तर नकार समजावे. होय असे लेखी आले तर जा. न आल्यास अटींमध्ये रद्द करण्याची मुदत काय दिली आहे ते पाहा, आणि हंगाम उघडण्याची घोषणा बहुधा अगदी आयत्या वेळी होते हे लक्षात घेऊन, हंगामच न उघडल्यास आगाऊ रक्कम परत मिळेल की पुढच्या वर्षासाठी अडकवली जाईल, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.