नवी बॅटरी टाकूनही गाडी बंद : जुन्या हायब्रिडच्या डीलरला जबाबदार धरता येईल का?

प्रश्न : गेल्या दसऱ्याला बाणेरच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून साडेनऊ लाखांना हायब्रिड गाडी घेतली. दोन-तीन दिवस उभी राहिली की १२ व्होल्टची लहान बॅटरी उतरते आणि गाडी सुरू होत नाही. दोनदा नवी बॅटरी टाकली, तरी तेच. जाहिरातीत 'संपूर्ण तपासलेली गाडी' म्हटलं होतं. आता डीलर म्हणतो, 'बॅटरी वॉरंटीत येत नाही, गाडी आहे त्या स्थितीत विकली, कागदावर तुमची सही आहे.' पूर्ण पैसे परत मिळतील का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तक्रार बॅटरीची करू नका, ती का उतरते त्या कारणाची करा. बॅटरी झिजणारी वस्तू आहे, त्यामुळे 'बॅटरी गेली' एवढंच म्हणालात तर डीलर सहज सुटेल. पण दोन नव्या बॅटऱ्याही उतरल्या, म्हणजे दोष गाडीत असण्याची दाट शक्यता आहे. तो विक्रीच्या वेळीच होता, हे तुम्हाला दाखवावं लागेल.

हायब्रिडमध्ये ही लहान बॅटरी गाडीतले कॉम्प्युटर सुरू करते आणि गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीचा रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडते. म्हणून ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. तिला चार्जिंग मिळतं ते मोठ्या बॅटरीकडून, डीसी-डीसी कन्व्हर्टरमार्फत (मोठ्या बॅटरीचे व्होल्ट कमी करून देणारं यंत्र), तेही गाडी 'रेडी'त, म्हणजे चालायला तयार स्थितीत असतानाच. तेव्हा सर्व्हिस सेंटरला दोन गोष्टी मोजायला सांगा. 'रेडी'त लहान बॅटरीला साधारण १४ व्होल्ट मिळतात का? आणि गाडी लॉक करून सगळे कॉम्प्युटर शांत झाल्यावर बॅटरीतून किती करंट जातो? हा करंट सहसा ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. बराच जास्त निघाला तर एकेक फ्यूज काढून तो कुठे जातो ते शोधता येतं. आधीच्या मालकाने जोडलेला जीपीएस ट्रॅकर किंवा बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम अशा वेळी अनेकदा सापडते. बॅटरी त्या मॉडेलला लागणाऱ्याच प्रकारची आहे ना, हेही पाहून घ्या.

प्रकरण ग्राहक आयोगात गेलं, तर मेकॅनिकचं तोंडी मत तिथे टिकणार नाही. लेटरहेडवर तारीख, किलोमीटर, मोजलेले आकडे आणि कारण लिहून घ्या. संशयास्पद वायरिंग सापडलं तर काढण्याआधी फोटो काढा. आणि तुम्ही स्वतः डॅशकॅम बसवला असेल, तर तो वेगळा करून तपासणी करा. तीच वायर वीज खात असेल तर दावा तिथेच संपतो, आणि हे वकिलाकडे जाण्यापूर्वी कळलेलं बरं.

'आहे त्या स्थितीत' या अटीला वजन आहे, हे मी लपवणार नाही. ओरखडे, झिजलेले टायर अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींबाबत तुम्ही फारसं भांडू शकणार नाही. पण दोन दिवस उभ्या गाडीतच दिसणारा दोष अर्ध्या तासाच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये कळत नाही. वस्तू विक्री कायदा, १९३० चं कलम १६ नेमका हाच फरक करतं : पाहणीत लक्षात यायला हवा होता असा दोष वेगळा आणि दडलेला वेगळा. शिवाय ज्याने गाडी 'संपूर्ण तपासलेली' म्हणून विकली, त्याने नंतर तपासणीची जबाबदारी झटकणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. म्हणून ती जाहिरात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आजच जपून ठेवा. असा इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. (गाडी एखाद्या खासगी मालकाकडून थेट घेतली असती, तर ग्राहक आयोगाची वाट जवळपास बंद होती.)

पूर्ण पैसे मागण्याचा आग्रह मात्र सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण सापडून दुरुस्त होत असेल, तर परताव्याची मागणी अवास्तव दिसते आणि खरी मागणीही दुबळी होते. दुरुस्तीचा खर्च, दोन्ही बॅटऱ्या, टोइंग, तपासणीची फी आणि मनस्तापाची भरपाई मागा. दुरुस्ती होतच नाही असं अहवालात आलं, तर परतावा मागायला आधार मिळेल.

आधी नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही इथेच राहता, त्यामुळे डीलरचं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी तक्रार इथे चालेल. साडेनऊ लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये आहे, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. डीलरने आयोगात दोष नाकारलाच, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ नुसार गाडी प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याची मागणी करता येते. त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागेल.

सर्व्हिस सेंटरची तारीख ठरली की डीलरला ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने कळवा आणि माणूस पाठवायला सांगा. तो आला तर अहवालाला एक साक्षीदार मिळेल. आला नाही, तर 'आमच्या पाठीमागे तपासणी केली' असं त्याला म्हणता येणार नाही.