१९६७ ची एमजीबी डावीकडे ओढते, पुढचे टायर बाहेरून झिजतात. अलाइनमेंट कसं करावं आणि टायर कुठले घालावेत?

तुम्ही निपाणीहून विचारलंय त्यातलं मुख्य असं: तारेच्या चाकांची एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार), रस्त्यावर डावीकडे ओढते, पुढचे दोन्ही टायर बाहेरच्या कडेने झिजतायत, बेळगावात कॉम्प्युटर अलाइनमेंट केलं तर स्क्रीनवर कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल) लाल दिसतो, आणि टायरवाला म्हणतोय १८५/६५ घाला, गाडी रुबाबदार दिसेल. माझं बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉप आहे आणि घरी एमजीबीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या लाल आकड्याचं. तो दोष नाही. या गाडीचा कॅम्बर मुळातच सुमारे १ अंश पॉझिटिव्ह, म्हणजे चाकाची वरची कड बाहेर, असतो. किंगपिन म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळतं ती. तिचा मागे झुकलेला कल, म्हणजे कॅस्टर, ७ अंश आणि आतला कल ८ अंश. आजच्या गाड्यांचा कॅम्बर शून्याच्या आसपास किंवा निगेटिव्ह असतो. मशीनच्या यादीत एमजीबी सापडली नाही की पोरगा जवळपासची कुठलीतरी गाडी निवडतो, आणि मग स्क्रीन लाल होणारच. शिवाय या गाडीत कॅम्बर-कॅस्टर फिरवायला काही सोयच ठेवलेली नाही, फिरतो तो फक्त टो, म्हणजे वरून बघताना पुढची चाकं एकमेकांकडे किती वळलीत ते. कुणी 'जरा दाबून कॅम्बर बसवून देतो' म्हणाला तर गाडी तिथून लगेच बाहेर काढा. डाव्या-उजव्या बाजूत चांगला फरक दिसला तर मात्र काहीतरी झिजलंय, वाकलंय किंवा एका बाजूची स्प्रिंग बसलीय. ते शोधायचं.

आता ओढण्याचं. टो बिघडला तर टायर खातो, पण गाडी एका बाजूला सहसा ओढत नाही. ओढण्याची कारणं वेगळी. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे थोडी डावीकडची ओढ कुठल्याही गाडीला असते. त्याहून जास्त असेल तर आधी हवा तपासा, मग पुढची दोन चाकं आपसात बदला. तुमची चाकं सेंटर-लॉकची आहेत, बदलायला फार वेळ लागत नाही. फक्त स्पिनर (चाक धरून ठेवणारा मधला मोठा नट) ज्या बाजूचा त्याच बाजूला राहिला पाहिजे, कारण दोन्ही बाजूंचे आटे उलटे आहेत. चाकं बदलल्यावर गाडी उजवीकडे ओढायला लागली तर दोष टायरचा. तरीही डावीकडेच ओढली तर महामार्गावर एक फेरी मारून या आणि उतरल्या उतरल्या दोन्ही पुढच्या हबजवळ हात नेऊन बघा. डावा जास्त तापला असेल तर त्या बाजूचा ब्रेकचा कॅलिपर अडकतोय, आणि त्याला कुठलंही अलाइनमेंट उपयोगाचं नाही.

बाहेरून झिजण्याचं कारण टायरलाच विचारता येतं. तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवा. आतून बाहेर नेताना हाताला धारा लागत असतील आणि बाहेरून आत नेताना गुळगुळीत वाटत असेल, तर टो-इन जास्त आहे, म्हणजे चाकं पुढून जास्त आत वळलीत. तुमच्या वर्णनावरून मला तेच वाटतंय.

पण टोला हात लावण्याआधी पुढचं सस्पेन्शन घट्ट आहे का ते बघा, हे मी आग्रहाने सांगतो. ढिल्या गाडीचं अलाइनमेंट मशीनवर बरोबर येतं आणि पहिल्या खड्ड्यात बिघडतं. चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. मग डावीकडे-उजवीकडे धरून टाय रॉडचे (स्टिअरिंगपासून चाकाला जोडणाऱ्या दांड्यांचे) एंड बघा. खालच्या विशबोनचे (सस्पेन्शनच्या आडव्या हाताचे) रबरी बुश तर बहुतेक गाड्यांत पिचलेलेच असतात. बरेच जण तिथे एमजीबी व्ही-८ चे एकसंध बुश घालतात, मीही तेच घातलेत. ते जास्त टिकतात आणि ब्रेक मारताना चाक मागे सरकत नाही.

किंगपिनचं काम निघालं तर घाबरू नका. आपल्या भागाची खरी सोय इथेच आहे. नवे बुश बसवून वरचा-खालचा एका रेषेत रीमर करून (भोक नेमक्या मापाचं करून) देणारे कारागीर उद्यमबागेत आहेत, फक्त दोन्ही बुश एकाच सेटिंगमध्ये रीमर करायला सांगा, वेगवेगळे नकोत. नंतर ग्रीस भरताना चाक जमिनीवरून उचललेलं हवं. गाडीचं वजन चाकावर असताना ग्रीस भरलं तर ज्या बाजूला भार आहे तिथे ते पोहोचतच नाही.

हे सगळं घट्ट झालं की टो. पुस्तकातला आकडा टो-इन १/१६ ते ३/३२ इंच, म्हणजे १.५ ते २.३ मिमी, दोन्ही चाकांचा मिळून. रेडियल टायरला मी १.५ च्या जवळ ठेवतो. मशीन अंशात दाखवत असेल तर १४ इंची रिमला हे एकूण साधारण ०.२३ ते ०.३५ अंश होतं, निम्मं निम्मं दोन्ही चाकांना. हा आकडा कागदावर लिहून न्या.

मात्र तारेचं चाक शंभर टक्के सरळ कधीच फिरत नाही, म्हणून मी घरीच मोजतो. सपाट फरशी, स्टिअरिंग सरळ, गाडी थोडी पुढे ढकलून, दाबून-उचलून बसलेली. दोन्ही पुढच्या रिमच्या पुढच्या कडेला, हबच्या उंचीवर, खडूने खूण करायची आणि दोन खुणांमधलं अंतर मोजायचं. मग गाडी पुढेच ढकलायची, साधारण मीटरभर, म्हणजे चाकाचा अर्धा फेरा होऊन त्याच खुणा मागच्या बाजूला हबच्या उंचीवर येतात. पुन्हा मोजायचं. मागचं अंतर जितकं जास्त तितका टो-इन. दोन्ही वेळा रिमचा तोच बिंदू मोजला गेल्यामुळे रिमचा वाकडेपणा हिशोबातून निघून जातो. गाडी मागे ढकलायची नाही, सस्पेन्शन उलट्या बाजूला ताणलं जातं आणि माप फसतं. फिरवताना दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा, रॉडवरच्या रबरी बूटची क्लिप ढिली करून, म्हणजे रबर पिळवटत नाही. एकच रॉड फिरवला तर टो बरोबर येईल पण स्टिअरिंग तिरकं बसेल.

जाता जाता दोन्ही बाजूंचा व्हीलबेस टेपने बघा, २३११ मिमी. फरक आला तर मागचा ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर सरकलाय, यू-बोल्ट तपासा.

टायर. १८५/६५ नको. एमजीबीला रेडियल म्हणून १५५ किंवा १६५ चेच १४ इंची टायर यायचे, आणि १६५/८० आर १४ हा साइज स्विफ्ट-डिझायरच्या खालच्या मॉडेलमुळे बेळगावातच काय, निपाणीतही मिळावा. १८५/६५ ची उंची त्याहून २४ मिमी कमी, म्हणजे गाडी १२ मिमी खाली येते, आधीच खाली असलेला सायलेन्सर रस्त्याला घासतो आणि स्पीडोमीटर चारेक टक्के जास्त दाखवतो. तारेच्या साडेचार इंची रिमवर तो टायर नीट बसतही नाही. त्यात ७ अंश कॅस्टर आणि पॉवर स्टिअरिंग नाही, रुंद टायर घातला की खडेबाजारात गाडी वळवताना खांदे भरून येतात. पावसाळ्यात खानापूरकडे किंवा चोर्ला घाटात साचलेल्या पाण्यातून अरुंद टायरच चांगला कापत जातो. ही गाडी साधारण नऊशे किलोची आहे, तिला रुंदीची गरजच नाही.

घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. आपल्या गाड्यांचे टायर झिजून नाही, कडक होऊन जातात, म्हणून ताजा माल मागा. तारेच्या चाकाला ट्यूब लागतेच. स्पोकच्या डोक्यांवर रिम टेप, आणि टायरच्या आतला कागदी स्टिकर खरवडून काढायला लावा, नाहीतर तो ट्यूब घासून फोडतो. बॅलन्सिंग करताना हबच्या दोन्ही उतारांवर बसणारे कोन हवेत. साधा कोन बाहेरून दाबला तर चाक मशीनवरच तिरकं बसतं, आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं.

हवा सगळीकडे सवयीने बत्तीस-तेहतीस भरतात. या गाडीचा मूळ आकडा पुढे २१, मागे २४ पीएसआय. मी दोन-तीन पीएसआय वर ठेवतो, पण तीसच्या वर गेली की गाडी खड्ड्याखड्ड्याला उडते. आणि चाकं बसवल्यावर तवंदी घाटापर्यंत जाऊन परत या, मग तांब्याच्या हातोड्याने चारही स्पिनर पुन्हा एकदा ठोकून घ्या.