तुरीच्या पोत्यातून परराष्ट्र धोरण

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधासाठी तू भारत-मोझांबिक संबंध हा विषय घेतलास, फार बरं वाटलं. पण तुझ्या आराखड्यातली पहिली तीस पानं नेत्यांच्या भेटीगाठींवर आहेत. ती पाचात आटप. मोझांबिकमधल्या रोवुमा खोऱ्यातल्या गॅस प्रकल्पात आपल्या सरकारी कंपन्यांचा 30 टक्के वाटा आहे, त्याला एक प्रकरण दे. बाकी जीव तुरीत घाल.

2015 च्या दिवाळीआधी तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली होती. त्या धास्तीतून जुलै 2016 मध्ये मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत, करार झाला: पहिल्या वर्षी 1 लाख टन डाळी, मुख्यतः तूर, आणि 2020-21 पर्यंत 2 लाख टन. मोझांबिकच का? आपली तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, त्यांची ऑगस्ट-सप्टेंबरात. आपल्या गोदामांचा तळ दिसू लागतो तेव्हा तिकडच्या 'नाकाला' या बंदरातून त्यांचा माल निघतो. मुंबईच्या व्यापाऱ्याला हे पाठ असतं. तो 'गजरी' म्हणाला की मोझांबिकची तूर, 'अरुशा' म्हणजे टांझानियाची, 'लेमन' म्हणजे ब्रह्मदेशाची.

मग आपल्याकडेच तूर उदंड पिकली. हमीभाव बोनस धरून क्विंटलला 5,050 रुपये, बाजारात त्याहून बराच कमी. त्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका खरेदी केंद्राबाहेर मी ट्रॅक्टरांची रांग पाहिली. आत बारदाना, म्हणजे तूर भरायची रिकामी पोती, संपलेला. एक म्हातारे शेतकरी ट्रॉलीखालच्या सावलीत आडवे झालेले, भाकरीचं फडकं उशाला. 'चौथा दिवस आहे,' म्हणाले. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

त्यामुळे ऑगस्ट 2017 मध्ये सरकारनं तुरीच्या आयातीवर 2 लाख टनांची मर्यादा घातली, तेव्हा मला ते पटलं. महिना मात्र पटला नाही. ऑगस्ट म्हणजे त्यांच्या काढणीचा महिना. मोझांबिकला दिलेला शब्द या मर्यादेबाहेर ठेवला होता, हे खरं. पण तिकडच्या नांपुला, झांबेझिया या प्रांतांतला शेतकरी दोन सरकारांच्या करारात विकत नाही, गावात आलेल्या व्यापाऱ्याला विकतो, आणि तो व्यापारी भारताकडे बघून भाव काढतो. भाव कोसळले. तिकडे मक्याबरोबर तूर पेरतात. मका घरात खायला, तूर रोख पैशासाठी. आपला शेतकरी न विकलेल्या तुरीची निदान डाळ करून खातो. त्यांच्या जेवणात तुरीला फारशी जागाच नाही.

मे 2021 मध्ये आयात पुन्हा खुली झाली, पाठोपाठ वर्षाला 2 लाख टनांचा शब्द आणखी पाच वर्षांसाठी दिला गेला. 2023 च्या अखेरीस उलटं झालं. तिकडच्या वादात माल नाकालात अडकला आणि इथे ताण आला.

माझं ठाम मत आहे की, आयातीचा निर्णय बदलायचाच असेल तर तो त्यांच्या पेरणीआधी, ऑक्टोबरपर्यंत जाहीर व्हावा. तुला हे पटलंच पाहिजे असं नाही. पण प्रत्येक अधिसूचनेची तारीख दोन्हीकडच्या पेरणी-काढणीशेजारी मांडून बघ.

पहिल्या प्रकरणाचा खर्डा दिवाळीपूर्वी पाठव. नांपुलाचे भाव त्यांच्या चलनात, मेटिकालमध्येच लिही, त्यांचे रुपये करून इथल्या आडतीच्या भावांशी मी ताडून बघेन.

तुझा,
काका